येण्याची तसदी

२९ ऑक्टोबर ८७, परभणी

पत्रं अकरा. नऊ निकाली, दोन उद्यावर. तुरीत अळी शिरली की अख्ख्या जिल्ह्याला माझा पत्ता आठवतो, एरवी कुत्रं विचारत नाही.

दुपारी चारठाण्याकडचे एक बाबा आले. मागच्या आठवड्यातही येऊन गेले होते, तेव्हा मी दौऱ्यावर. दोन गाड्या बदलायच्या, ओल्या फडक्यात तुरीचं झाड मुळासकट गुंडाळून आणायचं आणि माझ्या रिकाम्या खुर्चीचं दर्शन घेऊन परत जायचं. मी म्हणालो, बाबा, पत्र टाकायचं होतं, उत्तर दिलं असतं. तर म्हणतात, "पत्राची वाट बघत बसलो आस्तो तर रानातली समदी तूर वाळली आस्ती की साहेब. आता तुमी दिसलाव, झालं." खोड उभं चिरून दाखवलं. आतून काळ्या रेघा. मर रोग, औषध नाही, पुढच्या वर्षी त्या रानात तूर घेऊ नका, एवढंच सांगू शकलो. तरी खुशीत गेले.

संध्याकाळी सौ.चा रिपोर्ट. पोटात गाठ. औरंगाबादला न्या म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघून बोलत होते. मीही वाईट बातमी अशीच देतो, झाडाकडे बघून.

३१ ऑक्टो.

दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज दिला. मोठे साहेब चांगलं बोलले, लगेच सही केली. पत्रांचं काय करायचं विचारलं तर म्हणाले, "कदम, पत्रं काय पळून जातात का? आल्यावर द्या उत्तरं."

त्यांना काय. साहेब लोक चार वर्षांत बदलून जातात. मी बावीस वर्षं या सल्ला विभागाच्या खुर्चीवर आहे आणि माझ्याकडे आलेलं पत्र आठ दिवसांपेक्षा जास्त पडून राहिलेलं नाही. कुणीही लिहो. पेन्सिलीनं लिहो, वहीच्या फाडलेल्या पानावर लिहो. एकदा एकानं विडीच्या बंडलाच्या कागदावर लिहिलं होतं, त्यालाही दिलं. या एका गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

सौ.ला अजून फक्त "तपासणी" एवढंच सांगितलंय. तिला सगळं कळलेलं आहे. मुकाट्यानं पिशवी भरायला घेतली.

२ नोव्हें.

युक्ती सुचली. कार्डच छापून ठेवायचं. पत्र आलं की त्याच दिवशी परत कार्ड. माणसाला निदान कळतं, आपलं पत्र पोचलं.

मजकूर केला:

"शेतकरी बंधू, आपले पत्र मिळाले. मी रजेवर असल्याने उत्तरास विलंब होईल, क्षमस्व. परत आल्यावर आपल्या पत्राचे उत्तर अवश्य पाठवीन. आपला, द. बा. कदम."

चारदा वाचला. बरा आहे. सरकारी वाटत नाही.

४ नोव्हें.

आज स्टेन्सिल कापलं. सायक्लोस्टाईलवर दोनशे कार्डं काढली. हात काळे, सदरा काळा. सही मीच स्टेन्सिलवर केली, त्यामुळे प्रत्येक कार्डावर माझी खरी सही दिसते.

कापायच्या आधी एक ओळ वाढवली. चारठाण्याचे बाबा डोळ्यांपुढून हलेनात. कार्ड मिळालं तरी असले लोक झाडं घेऊन येणारच, गाडीभाडं घालून, आणि मी इथं नसणार. म्हणून लिहिलं, "ते हाती पडेपर्यंत कृपया येण्याची तसदी घेऊ नये."

रुस्तुमला काम समजावलं. रुस्तुम आमचा शिपाई, ८४ साली लागला तेव्हा अंगठा उठवायचा. जेवणाच्या सुट्टीत मीच त्याला अक्षरं शिकवली. आता त्याचा "क" आणि माझा "क" शेजारी ठेवले तर मलाच वेगळे काढता येत नाहीत. पत्र फोडायचं नाही, पाठवणाऱ्याचं नाव-गाव कार्डावर उतरवायचं, नोंदवहीत चढवायचं, कार्ड त्याच दिवशी टपालात. म्हणाला, "साहेब, तुमी बाईसाहेबांकडं बघा. हितं एक पत्र मागं ऱ्हायलं तर माझं नाव बदला."

५ नोव्हें.

उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. सौ.नं शेजारी किल्ली दिली, कढीपत्त्याला पाणी घालायला सांगितलं. मग चहा देताना म्हणाली, "नंदीला कळवा."

मी चहा प्यालो.

या वहीत चार वर्षं मी तिला "नं." लिहितो. तेही क्वचित. आमची एकुलती एक. ८३ च्या उन्हाळ्यात तिनं, ती शिकवायची त्या शाळेतल्या प्रभाकर गुरुजींशी रजिस्टर लग्न केलं. ते बौद्ध, आम्ही देशमुखी मिरवणारे कदम. ७८ च्या पावसाळ्यात नामांतरावरून गावंच्या गावं पेटली तेव्हा त्यांचं घर जळालेलं. मला माहीत होतं. लग्नाचं विचारायला ते माझ्यासमोर येऊन बसले तेव्हा त्या घराबद्दल मी एक शब्द विचारला नाही. विचारली ती फक्त जात, तीही माहीत असून.

नं. ला म्हणालो होतो, या घराचं दार तुला बंद. तिची दोन पत्रं आली, दोन्ही पोस्टमनला "घेण्यास नकार" लिहायला लावून परत केली. तिसरं आलं नाही.

एक मुलगी आहे म्हणे तिला, दोन वर्षांची. सौ.च्या बहिणीकडून, गंगाखेडच्या शांताकडून कळलं. नाव मी विचारलं नाही.

९ नोव्हें., औ.बाद

दवाखाना मोठा. वॉर्डात बारा खाटा, सौ.ची खिडकीजवळची. शेजारच्या बाईला चार मुलं, आळीपाळीनं येतात. सौ. त्यांच्याकडे बघत राहते. एकाला विचारलं, "बाळा, कोणत्या गावचा रे?" असं सगळ्यांनाच विचारते.

पुन्हा म्हणाली, कळवा.

ऑपरेशन होऊ दे, मग बघू, असं म्हणालो.

१३ नोव्हें.

ऑपरेशन झालं. म्हणजे पोट उघडलं आणि परत शिवलं. तरुण डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले. पसरलंय. किती दिवस, ते सांगता येत नाही.

औषध नाही असं मी किती लोकांना किती सहज सांगितलंय.

१६ नोव्हें.

सकाळी कार्ड विकत आणलं. पत्ता लिहिला. सौ. नंदा प्र. वाघमारे, जि. प. शाळा, मु. पिंपरी, मार्गे देवगाव फाटा. एवढं लिहायला पाऊण तास. मागची बाजू कोरी. "चि." लिहायचं की नाही इथंच अडलो. काय लिहू? आई आजारी आहे, ये. चार शब्द. ते लिहिले म्हणजे मी हरलो, आणि ते लोक दोघं जोडीनं या वॉर्डात येणार, शेजारची बाई विचारणार जावई का, आणि मला हो म्हणावं लागणार. एवढ्यासाठी अडलोय मी. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच आहे.

सौ.नं विचारलं, "लिवलाव का हो?"

मी म्हणालो, लिहिलं.

कार्ड खिशातच आहे.

१७ नोव्हें.

ती आज जेवली. अर्धी भाकरी, वरण. केस विंचरून घेतले नर्सकडून. कुणी येणार असलं की करते तसं.

२२ नोव्हें.

दाराकडे बघते. चपलांचा आवाज आला की मान वळवते. "कार्ड पोचायला किती दिस लागत्यात?" म्हणाली. चार दिवस म्हणालो. "मंग आजउद्या."

आज लिहायलाच हवं होतं. दुपारी खाली चौकात गेलो, टपालपेटीजवळ उभा राहिलो, कोरं कार्ड हातात. एक माणूस मागून म्हणाला, टाकायचंय का सरका. सरकलो.

२८ नोव्हें.

बोलणं कमी. पाणी चमच्यानं. आता लिहिलं तरी...

संध्याकाळी शुद्धीत होती. म्हणाली, "शाळेला सुट्टी न्हाई मिळाली आसंल. लेकरू हाय ल्हान. तुमी बोलू नका तिला काई." मी हो म्हणालो. मग म्हणाली, "तुमी लिवलाव त्येच लय झालं मला."

३ डिसें.

सकाळी सव्वासात.

७ डिसें., गंगाखेड

राख सावडून आज गोदावरीत सोडली. पाणी कमी होतं, बरंच आत चालत जावं लागलं. पुतण्यानं धरलं होतं मला. खिशात ते कार्ड होतं, भिजलं. पत्त्याची शाई पसरली.

या वहीत "सौ." लिहायला आता हात वळत नाही. नाव लिहितो. सुमन. अठ्ठावीस वर्षांत तिला नावानं हाक मारली नाही कधी, "अगं" म्हटलं.

१५ डिसें., परभणी

तेरावा झाला. माणसं गेली. भावकीतले म्हणत होते, पोटची पोर, आईच्या मातीलाही आली नाही, रक्त पातळ झालं म्हणायचं. मी पानावर मान खाली घालून बसलो. तिला कळवलंच नाही, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

जाताना शांता दारात थांबली. डोळे सुजलेले. "दाजी, येक बोलू? आमची आक्का गेली. पर तुमी लय वाईट केलाव. पोरगी यायली व्हती. तुमीच येऊ नको म्हणलाव."

मी म्हणालो, मी कुणाला काही म्हटलेलं नाही. जरा जोरातच बोललो.

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि रिक्षात बसली. असल्या प्रसंगात बायका काहीही बोलतात. तरी डोक्यातून जात नाही. मी बोलावलं नाही हा गुन्हा. येऊ नको कुठं म्हणालो?

२४ डिसें.

घरात आवाज नाही. कढीपत्त्याच्या बुडाशी चार नवी रोपं फुटलीत. झाड नं. नं लावलेलं, सहावीत असताना.

रजा संपायला दहा दिवस. इथं बसून वेड लागेल.

४ जानेवारी ८८

रुजू झालो.

रुस्तुम गेटातच उभा होता. पाया पडला. माझ्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला, तारखेवार. एकशे सहासष्ट. नोंदवही वर ठेवलेली. प्रत्येक ओळ भरलेली, सुवाच्य. "विषय" या रकान्यात त्यानं सगळीकडे एकच लिहिलंय, रोग व किडी. न फोडता आणखी काय लिहिणार बिचारा. "निकाल" मध्ये: कार्ड पाठविले.

बरं वाटलं. एका महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं. चष्मा पुसला, सुतळी सोडली, सुरुवात केली.

चौथं पाकीट. अक्षर बघितलं आणि

नंतर लिहितो.

४ जाने., घरी

जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे मला यातून पळता येणार नाही.

अ.क्र. ४१२. आवक ११ नोव्हें. सौ. नंदा प्र. वाघमारे, पिंपरी. विषय: रोग व किडी. निकाल: कार्ड पाठविले.

"ती. दादांना सा. न. घरी लिहिलेली पत्रं परत येतात म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर लिहिते. इथं तुम्ही कुणाचंही पत्र उत्तराशिवाय ठेवत नाही, मला माहीत आहे. शांतामावशीकडून कळलं की आईला औरंगाबादला नेलंय. कुठल्या दवाखान्यात ते मावशीला माहीत नाही. दादा, मी येऊ का? एकटी येईन. हे येणार नाहीत, तुम्हाला अवघडल्यासारखं होणार नाही. आईला बघेन आणि त्याच गाडीनं परत जाईन. जास्त लिहू नका, ये किंवा येऊ नको, एवढा एक शब्द पुरे. तुम्ही म्हणाल ते ऐकेन. तुमची नंदा."

तिला माझ्या सहीचं कार्ड गेलं. कृपया येण्याची तसदी घेऊ नये.

एकशे सहासष्ट पत्रांत हाच एक प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर त्या कार्डात होतं.

दुसरं पाकीट, अ.क्र. ४३९, आवक २० नोव्हें.

"दादा, कार्ड मिळालं. ठीक आहे, येत नाही. छापील पाठवायला नको होतं, हातानं दोन शब्द लिहिले असते तर शिवी असती तरी चाललं असतं. फक्त आईला सांगा की मी विचारलं होतं. एवढं तरी सांगा. नंदा."

याही पत्राला तेच कार्ड. त्याच दिवशी. एक पत्र मागं राहिलं नाही.

वीस तारखेला सुमन जिवंत होती, शुद्धीत होती. दाराकडे बघत होती.

५ जाने.

रात्रभर बसलो. सकाळी ऑफिसात जाऊन रुस्तुमला विचारलं, या ४१२ ला काय पाठवलंस. रागात होतो. राग कुणावर काढायचा ते ठरलेलं नव्हतं, तो समोर होता.

त्यानं नोंद बघितली, खुश होऊन म्हणाला, "ह्ये तर ध्यानात हाय साहेब. कार्डावर शेतकरी बंधू छापलंय, आन् ही तर बाई. मंग म्या बंधू खोडलं आन् वर भगिनी लिवलं. तुमच्यावानी, येकदम नीट."

म्हणजे नंदानं हातात कार्ड घेतलं तेव्हा त्यावर छापील सगळं होतं आणि एकच शब्द शाईनं, माझ्या अक्षरात. बापानं हातानं "बंधू" खोडून लेकीला "भगिनी" लिहिलं. तिनं दुसऱ्या पत्रात त्याचा उल्लेखही केला नाही. काय करणार.

रुस्तुमला म्हणालो, ती माझी मुलगी आहे.

त्यानं नोंदवहीतून मान वर केली. "तुमाला मुलगी हाय, साहेब?"

तीन वर्षं रोज माझ्यासमोर डबा खातो हा माणूस. त्याला वाटायचं आम्हाला मूलबाळ नाही. मी कधी सांगितलंच नव्हतं. मग त्याला समजलं आपण काय पाठवलं ते. खाली फरशीवर बसला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडला. "माज्या हातानं झालं साहेब." मी म्हणालो, तुझ्या हातानं, पण अक्षर माझंच होतं. राग कुठल्या कुठं गेला. राहिलं ते त्याहून वाईट आहे.

उरलेली चौतीस कार्डं मी नेऊन बंबात घातली.

७ जाने.

पत्र लिहिलं. सात पानं. सगळं लिहिलं, कार्डाचं, कोऱ्या कार्डाचं, सुमनला खोटं सांगितलं तेही. रजिस्टर ए.डी. नं टाकलं.

बाकीची पत्रं उरकतोय. बोंडअळी, तांबेरा, ज्वारीवर चिकटा. सगळ्यांना उत्तरं येतात मला.

११ जाने.

काही नाही.

आवक वहीत ४१२ पुढचं "कार्ड पाठविले" मी खोडलं. तिथं लिहिलं, "प्रलंबित".

१४ जाने.

संक्रांत. आम्हाला यंदा सण नाही. शेजारच्या मुलीनं तरी वाटीत तिळगूळ आणून दिला.

दुपारी पोस्टमन आला. माझंच पाकीट परत. न फोडलेलं. वर तिरकं लिहिलेलं, घेण्यास नकार. पोस्टमन जुना, तोच. ८३ साली माझ्या सांगण्यावरून त्यानंच तिच्या पाकिटांवर हे लिहिलं होतं. त्याला आठवलं असावं, नजर चुकवून सायकल काढली. नकार तिनं दिला की प्रभाकररावांनी, ते पाकिटावर लिहीत नाहीत.

वाईट वाटलं असं लिहीत होतो. वाईट वाटलं नाही. बरोबर वाटलं. मग फार वेळानं रडू आलं. सुमन गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ते सुमनसाठी की नंदासाठी मला सांगता येणार नाही.

१६ जाने.

आज चारठाण्याचे बाबा आले. हातात झाड नाही, फडकं नाही. समोर बसले. मी विचारलं, काय आणलंय? म्हणाले, "काय न्हाई. तुमच्या मालकीणबाई गेल्या म्हणं. जिंतूरला आयकलं. म्हणून आलो."

दोन गाड्या बदलून. माझी त्यांची ओळख ती काय.

मग बंडीच्या खिशातून माझं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. नोव्हेंबरात त्यांनीही हरभऱ्याचं विचारलं होतं. "नातवानं वाचून दाखिवलं. येऊ नका म्हणलाव तुमी ह्याच्यात. पर साहेब, आसल्या टायमाला कुणी कार्डाचं आयकतंय व्हय?"

मला हसू आलं की काय आलं कोण जाणे, बाबा घाबरून उठले आणि पाणी आणा म्हणाले रुस्तुमला.

चहा पाजला. हरभऱ्याचंही सांगितलं. त्यांना गाडीवर बसवून आलो आणि दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण: घरगुती. ते खोडलं. कारण: मुलीकडे जाणे.

रुस्तुमनं विचारलं, "पत्रं आली तर काय करू साहेब?"

काही करू नकोस, म्हणालो. कुणी आलं तर बसव, पाणी दे, साहेब लेकीकडे गेलेत म्हणून सांग.

१८ जाने., देवगाव फाटा

सकाळच्या पॅसेंजरनं सेलू, तिथून एसटीनं फाटा. पिंपरीची गाडी अकराला असते म्हणाले होते, एक वाजून गेला. हॉटेलच्या बाकड्यावर बसून लिहितोय.

बरोबर तिची दोन पत्रं, माझं परत आलेलं पाकीट, भिजून वाळलेलं कोरं कार्ड. आणि कढीपत्त्याच्या बुडाचं एक रोप, मुळासकट, ओल्या गोणपाटात. ते का आणलं सांगता येत नाही. हात रिकामे नकोत म्हणून असेल. दर तासाला गोणपाटावर पाणी शिंपडतो. हॉटेलवाला बघतो.

काय म्हणायचं ते शंभरदा घोळवलं. "नंदा, आईनं शेवटपर्यंत वाट बघितली." हे सांगावं का? हे ऐकून तिचं काय होईल? न सांगावं तर पुन्हा लपवलं. आणि दारात प्रभाकरराव उभे असले तर आधी त्यांच्याशी बोलायचं आहे, ते घराचं. नऊ वर्षं उशीर झालाय.

शेजारी एक म्हातारी येऊन बसलीय. दोन शेळ्या, एक करडू, पदराला बांधलेला फुटाण्याचा पुडा. मघाशी विचारलं, "कुटं जायलाव, बाबा?"

पिंपरीला.

"कुणाकडं?"

लेकीकडं, म्हणालो. मोठ्यानं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"गाडीवर न्यायला येत्यात का जावई?"

नाही म्हणालो. येतोय म्हणून कळवलेलं नाही. उत्तराची वाट न बघताच निघालो.

म्हातारी हसली, फुटाणे पुढं केले. "आता लेकीकडं जायला आन् लेकीनं माह्यारी यायला कळवाय कशाला लागतंय? येऊ का म्हणून कोण इचारतंय व्हय?"

फुटाणे हातात घेतले. ते तसेच आहेत मुठीत.

नंदानं विचारलं होतं.

गाडी अजून आलेली नाही.